फायबरचा फोन, भिंतीतली जुनी वायर: आधी काय सोडवायचं आणि मग काय जोडायचं

नेहमीप्रमाणे एपिसोडचा लेखी मजकूर देतोय, बोलताना होणारं ‘म्हणजे… म्हणजे’ काढून टाकलंय. या भागाला लेखी मजकूर जरा जास्तच लागेल, कारण एका हातात स्क्रू ड्रायव्हर आणि दुसऱ्या हातात वायर असताना एपिसोड मागे-पुढे करत ऐकणं काही जमत नाही.

प्रश्न असा आला होता. घरात फायबर इंटरनेट घेतलं, त्याच्याबरोबर लँडलाइन नंबर मिळाला. राउटरच्या मागे फोन लावला की टोन येतो, सगळं मस्त. पण राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, आणि आजी झोपते आतल्या खोलीत. तिच्या पलंगाजवळ भिंतीवर जुन्या लँडलाइनचं सॉकेट आहे, स्वयंपाकघरातही एक आहे. दोन्ही कित्येक वर्षं बंद. नव्या फोनची घंटा तिथे वाजवता येईल का? का पुन्हा भिंतीवरून वायर ओढायची?

वाजवता येते, आणि बहुतेक घरांत नवी वायर अजिबात लागत नाही. काम तसं अर्ध्या तासाचं. पण जुन्या वायरमधून दोन गोष्टी घरात यायच्या, आवाज आणि वीज. आवाजाची सोय फायबर करतं, विजेची करत नाही. या भागात पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका फरकातून निघतं.

म्हणून आधी जुनी लाइन काय करत होती ते बघू. बीएसएनएलची असो किंवा मुंबईत एमटीएनएलची, एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत तांब्याच्या फक्त दोन तारा. त्या दोन तारांवर एक्स्चेंजकडून कायम साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो. रिसीव्हर उचलला की सर्किट पूर्ण होतं, थोडासा करंट वाहायला लागतो, त्यावरून एक्स्चेंजला कळतं की या घरात कोणीतरी फोन उचलला, आणि ते डायल टोन देतं. कोणी तुम्हाला फोन केला की त्याच दोन तारांवर घंटेसाठी वेगळा झटका येतो, साधारण ७५ ते ९० व्होल्टचा एसी, सेकंदाला वीस-पंचवीस वेळा उलटसुलट होणारा. जुना डबा फोन ट्रिंग ट्रिंग करायचा तो या विजेवर. घरातली लाइट गेली तरी लँडलाइन चालू राहायची ती याचमुळे. फोनला लागणारी वीज तुमच्या मीटरमधून येतच नव्हती, एक्स्चेंजमधल्या मोठाल्या बॅटऱ्यांतून यायची.

आता फायबर. फायबर म्हणजे काच. काचेतून उजेड येतो, वीज येत नाही. मग राउटरच्या मागे लावलेल्या फोनला टोन कोण देतं? राउटरच. (याला खरं तर ओएनटी म्हणतात, पण आपण सगळे राउटरच म्हणतो, इथेही तेच म्हणू.) त्याच्या मागे फोनसाठी एक छोटी खोबण असते, तिच्यावर टेल, फोन, पॉट्स किंवा एफएक्सएस असं काहीतरी छापलेलं असतं. त्या खोबणीमागची चिप हुबेहूब एक्स्चेंजचं सोंग घेते. तीही ४८ व्होल्टच्या आसपास डीसी देते, रिसीव्हर उचललेला ओळखते, टोन देते, घंटेचा एसी तयार करते. म्हणजे तुमच्या टीव्हीच्या मागे एका घरापुरतं एक छोटं एक्स्चेंज बसलंय, आणि ते चालतं भिंतीतल्या प्लगवर.

बोलायला लागलात की ते तुमच्या आवाजाचं सेकंदाला ८००० वेळा माप घेतं. प्रत्येक माप ८ बिटचं, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. साधारण २० मिलिसेकंदांचा आवाज एका पाकिटात, सेकंदाला ५० पाकिटं, आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता वगैरे धरून सगळं मिळून ८० केबीपीएसच्या आसपास जातं. शंभर एमबीपीएसच्या कनेक्शनसमोर हे काहीच नाही. त्यामुळे ‘मी नेटफ्लिक्स लावलं तर आजीचा फोन तुटेल का’ ही काळजी सोडून द्या.

आता कामाचं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: एका जोडीवर एकच एक्स्चेंज. भिंतीतल्या जुन्या वायरला तुम्ही नवं एक्स्चेंज जोडणार असाल, तर जुनं आधी सुटलेलं पाहिजे. दोन्ही एकाच वेळी जोडली गेली तर दोन वीजपुरवठे एकमेकांच्या अंगावर येतात. मोठं एक्स्चेंज जिंकतं, आणि तुमच्या राउटरची फोनची खोबण जळते. कधी नुसती खोबण जाते, कधी अख्खा राउटर. तो कंपनीचा असेल तर बदलून देताना ते काय विचारतील याचा अंदाज तुम्हीच करा.

इथे बऱ्याच जणांचं म्हणणं असतं, ‘अरे पण आमची जुनी लाइन तर कधीच बंद केलीय, बिलही येत नाही.’ बिल बंद झालं म्हणजे तार मेली असं नाही. हिशोबाच्या खात्यात कनेक्शन बंद होतं, पण एक्स्चेंजमधली किंवा खांबावरच्या डीपीतली जोडणी कोणी येऊन सोडवलीच असेल याची खात्री नाही. टोन येत नसला तरी तारेवर व्होल्टेज असू शकतं. शिवाय तीच जोडी पुढे दुसऱ्या कोणाच्या नंबरला दिली गेली तर आज मेलेली तार पुढच्या महिन्यात जिवंत होईल. आणि समजा एक्स्चेंजकडून ती पूर्ण तुटलेली आहे, तरी खांबावरून घरापर्यंत लोंबकळणारी वायर आहेच. वळवाच्या पावसात जवळपास वीज कडाडली की ती वायर झटका थेट घरात आणते. पूर्वी तो झटका फोनवर जायचा, आता महागड्या राउटरवर जाईल. म्हणून बाहेरची तार घरातल्या वायरिंगपासून हाताने, डोळ्यांदेखत वेगळी करायची.

ती वेगळी कुठे करायची हे शोधणं हाच खरा उद्योग आहे. बाहेरून आलेली वायर घरात शिरल्यावर सगळ्यात आधी एका छोट्या चौकोनी डबीत येते. लाइनमन लोक तिला रोझेट म्हणतात. जुन्या बैठ्या घरात ती बहुतेक दाराच्या चौकटीजवळ, गॅलरीत किंवा खिडकीच्या वर असते. बाहेरून येणारी वायर ओळखणं सोपं, ती बहुधा काळी, जाड आणि उन्हाने कडक झालेली असते. फ्लॅटमध्ये ती जिन्यातल्या डीपीतून पाइपातून येते आणि हॉलमधल्या पहिल्या सॉकेटच्या मागे निघते. तिथून पुढे बाकीच्या खोल्यांना पॅरलल दिलेलं असतं. पूर्वी एक कनेक्शन मिळायला लोक वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर थांबायचे, त्यामुळे एकदा मिळालं की बाबा लोकांनी हौसेने खोल्याखोल्यांत पॅरलल काढून घेतले. ती हौस आता आपल्या कामाला येतेय.

पहिल्या रोझेटचं झाकण उघडलं की आत स्क्रू दिसतील. त्यांच्यावर दोन प्रकारच्या जोड्या असतील, बाहेरून आलेली आणि आत जाणारी. बाहेरून आलेल्या दोन तारा सोडवा. कापू नका, सोडवा. दोन्ही तारांना वेगवेगळी इन्सुलेशन टेप गुंडाळा, म्हणजे एकमेकींना टेकणार नाहीत, आणि वर कागदाची पट्टी लावा: ‘बाहेरची लाइन, जोडू नये’. ही पट्टी चेष्टेची गोष्ट नाही. दोन वर्षांनी रंगकाम करताना कोणीतरी इलेक्ट्रिशियन सुटलेल्या तारा बघून मदत म्हणून जोडून ठेवतो. आत जाणाऱ्या जोड्या मात्र जशा आहेत तशाच एकमेकींना जोडलेल्या राहू द्या, नाहीतर पुढच्या खोल्या तुटतील.

हे सगळं करताना हात कोरडे ठेवा, पायात चप्पल असू दे. ४८ व्होल्टने काही होत नाही, पण त्याच क्षणी घंटा आली तर चांगलाच झिणझिण्या आणणारा झटका बसतो. आणि जिन्यातल्या डीपीला, खांबावरच्या डब्याला हात लावायचा नाही. ती कंपनीची मालमत्ता, आणि तिथे तुमच्या शेजाऱ्यांच्याही लाइन असतात.

जुना नंबर अजून चालू असेल आणि तोच फायबरवर हवा असेल, तर थांबा. आधी नंबर बदलून येऊ दे, राउटरच्या मागे लावलेल्या फोनवर तो वाजू दे, मगच भिंतीला हात लावा.

तारा सोडवल्या की मल्टिमीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवून घरातल्या एखाद्या सॉकेटच्या दोन तारांवर धरा. शून्य आलं पाहिजे. शून्य न येता काहीतरी आकडा येत असेल तर अजून कुठूनतरी पुरवठा येतोय, आणि फ्लॅटमध्ये त्याचं कारण हमखास एकच असतं: इंटरकॉम.

सोसायटीचा इंटरकॉम दिसायला अगदी लँडलाइनसारखा. तशीच डबी, तशीच पिन, त्याच दोन तारा, आणि गेटवरच्या वॉचमनच्या केबिनमागच्या मशीनमधून येणारा तसाच व्होल्टेज. काही बिल्डरांनी तर लँडलाइन आणि इंटरकॉम एकाच चार तारांच्या केबलमधून काढलेत, दोन याला, दोन त्याला. तुमच्या राउटरची लाइन चुकून इंटरकॉमला लागली तर राउटर तर जाईलच, शिवाय सोसायटीच्या मशीनचं कार्ड गेलं की सेक्रेटरी दारात. त्यामुळे काम सुरू करण्याआधी प्रत्येक सॉकेटला फोन लावून बघा. टोन आला आणि वॉचमनचा नंबर लागला, की ते सॉकेट आपलं नाही. त्याच्या तारांचे रंग लक्षात ठेवा आणि त्यांना सोडून द्या.

शून्य मिळालं? आता जोडणी, आणि ती इतकी सोप्पी आहे की लोकांना विश्वास बसत नाही. दोन्ही टोकांना फोनची पिन असलेली वायर घ्या. एक टोक राउटरच्या फोनच्या खोबणीत, दुसरं टोक राउटरजवळच्या भिंतीवरच्या जुन्या सॉकेटमध्ये. झालं. घरातली सगळी सॉकेट्स पॅरलल आहेत, म्हणजे एकाच दोन तारांवर लटकलेली. त्यांना फरक पडत नाही की टोन दारातून आला का टीव्हीच्या मागून. टाकीचं पाणी कुठल्या टोकाने सोडलं याने जसा नळाला फरक पडत नाही, तसंच. त्याच सॉकेटवर फोनही ठेवायचा असेल तर एकाचे दोन करणारा छोटा जोड इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

एक सावधगिरी. फोनची पिन लॅनच्या खोबणीत आरामात बसते, कारण ती थोडी लहान असते. बसली म्हणून तिथे घालू नका, घंटेचा व्होल्टेज लॅनसाठी नाही. आणि भिंतीला जोडण्याआधी एक फोन थेट राउटरला लावून टोन येतो ना, हे बघून घ्या. तिथेच टोन नसेल तर अडचण सेवेची आहे, तुमच्या वायरिंगची नाही, आणि मग भिंती उघडून काही मिळणार नाही.

पूर्वी याच लाइनवर ब्रॉडबँड असेल तर कुठेतरी लाइन, मोडेम, फोन अशी तीन तोंडं असलेली छोटी पांढरी डबी सापडेल. तिचं काम संपलंय. काढून टाका.

भिंतीला जोडल्यावर टोन गेला, किंवा खरखर यायला लागली, तर घाबरू नका. दोनच कारणं असतात. एक, कुठल्यातरी खोलीत रिसीव्हर नीट ठेवलेला नाही. दोन, एखाद्या सॉकेटमध्ये ओल. आपल्याकडे चार महिने भिंती ओल धरतात, कोकणात तर विचारूच नका. डबी उघडली की तांब्यावर हिरवा थर दिसतो. तो घासून काढा, तारेचं टोक कापून नवं सोला, पुन्हा आवळा. कुठल्या खोलीत दोष आहे ते कळत नसेल तर आपली कोडिंगवाल्यांची युक्ती वापरा: अर्धं घर तोडा, टोन आला का बघा, मग उरलेल्यातलं अर्धं. बायनरी सर्च परीक्षेबाहेरही चालतं.

किती फोन लावता येतील? जुनं एक्स्चेंज दांडगं होतं, राउटरमधली चिप नाजूक. खरी घंटा असलेला जुना फोन घंटेची वीज जास्त खातो, बटणांचे इलेक्ट्रॉनिक फोन कमी. एकेक फोन वाढवत जा आणि प्रत्येक वेळी मोबाइलवरून त्या नंबरला रिंग द्या. घंटा मरतुकडी वाजायला लागली, किंवा वाजता वाजता कॉल आपोआप कट व्हायला लागला, की मर्यादा आली. दोन-तीन फोनना सहसा अडचण येत नाही.

कोणाकडे आजोबांचा गोल तबकडीचा फोन असेल तर त्याच्यावर फोन येईल, उचलूनही बोलता येईल, पण त्यावरून नंबर लागेलच असं नाही. तबकडी नंबर ‘पल्स’ने पाठवते, आणि बरेच राउटर फक्त ‘टोन’ ओळखतात. बटणांच्या फोनवरही खालच्या बाजूला पल्स-टोन असा खटका असतो, तो टोनवर करा. जुन्या फोनच्या स्क्रीनवर नंबर दिसेनासा झाला तर ते सहसा डीटीएमएफ आणि एफएसके या दोन पद्धतींचं भांडण असतं. फोनला तशी सेटिंग असेल तर बदलून बघा, नाहीतर नव्या साध्या कॉलर आयडी फोनला दोन्ही कळतात.

आता विजेचं. खरं सांगायचं तर मला हा भाग जोडणीपेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि फायबर बसवायला येणारी मुलं यावर अवाक्षर बोलत नाहीत. तुम्ही भिंतीवरचा फोन पूर्वीसारखा चालू करून दिलात, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात त्या फोनचा जुना स्वभाव पक्का बसलेला असतो: लाइट गेली तरी हा चालतो. आता तो चालत नाही. रात्री लाइट गेली, अंधारात कोणी पडलं, सवयीने हात फोनकडे गेला, आणि रिसीव्हर मुका. मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला. हे होण्याआधी सोय करायला हवी.

घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते बघा. टीव्हीच्या मागचा प्लग बऱ्याचदा त्यावर नसतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते जुळवा. आणि खोक्यावरच्या ‘८००० एमएएच’ने हुरळून जाऊ नका. आतली बॅटरी ३.७ व्होल्टची असेल तर ८ गुणिले ३.७, म्हणजे सुमारे ३० वॉट-तास. त्यातले काही वाया जातात, हाती २५ धरा. राउटर ८ वॉट खात असेल तर तीन तास. पुण्यात बऱ्याच भागांत देखभालीसाठी गुरुवारी लाइट जाते, ती कधीकधी यापेक्षा जास्त वेळ. गावाकडे तर हिशोबच वेगळा.

तुमच्या बाजूने सोय झाली तरी पलीकडचं एक बघायचं. राउटरमध्ये थेट काचेची बारीक वायर येत असेल तर घरापासून कंपनीच्या केंद्रापर्यंत मध्ये वीज लागणारं यंत्र बहुतेक नसतं, वाटेतले जोड नुसते काचेचे असतात. पण स्थानिक केबलवाल्याचं कनेक्शन असेल आणि घरात गच्चीवरून लॅनची वायर येत असेल, तर गच्चीवर एक डबा आहे आणि त्याला वीज लागते. बिल्डिंगची लाइट गेली की तो डबा बंद, मग तुमचा यूपीएस चालू असून उपयोग नाही. केबलवाल्याला सरळ विचारा, वरच्या डब्याला बॅटरी आहे का?

विचारून समाधान झालं नाही तर स्वतः करून बघा. दुपारी सगळे घरात असताना मेन स्विच बंद करा, अर्धा तास थांबा, आणि आतल्या खोलीतल्या फोनवरून तुमच्या मोबाइलला फोन लावा. ही चाचणी फक्त तुमच्या घरापुरती. अख्ख्या बिल्डिंगची लाइट जाईल त्या दिवशी हीच पुन्हा करा. हे करताना घरातल्या मोठ्या माणसांना शेजारी बसवा आणि सरळ सांगा की आता हा फोन बॅटरी आहे तोवरच चालणार, त्यामुळे रात्री चार्ज केलेला मोबाइल उशाशी पाहिजेच.

नंबर लावताना एक नियम सगळेच विसरतात. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना पुढे शून्य लावावा लागतो, आणि फायबरची लँडलाइन ही लँडलाइनच. जुन्या फोनच्या मेमरीत शून्याशिवाय साठवलेले मोबाइल नंबर म्हणूनच लागत नाहीत, आणि घरचे समजतात फोनच बिघडला. ते नंबर शून्य लावून पुन्हा साठवा, आणि फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा: मुलाचा नंबर शून्यासकट, डॉक्टरांचा शून्यासकट. ११२ च्या पुढे मात्र शून्य नाही.